"समजलं का?" "होऽऽ बाई!"

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत एक नवीन मॅडम जॉइन झाल्या. मॅडम कसल्या, पोरगीच आहे, शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून नंबर लागला, गाव तिकडे परभणीकडचं आणि इथे कळव्याला तिघी-चौघी मिळून रूम घेतलीय. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत नवी कोरी डायरी उघडून माझ्यासमोर बसली, म्हणाली, मॅडम, चांगली टीचर व्हायला रोज काय काय करू ते सांगा ना. माझ्या तोंडात पोळीचा घास होता. गिळून म्हटलं, आधी पाणी पीत जा.

ती हसली. पण मी गंमत करत नव्हते. माझ्या पहिल्याच जुलैत माझा आवाज पार बसला होता. वर्ग रुळांच्या बाजूला, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद, तीन पंखे खडखडतायत, साठ पोरं, आणि मी आपली गाडीच्या हॉर्नच्या वर आवाज काढून शिकवतेय. कानानाकघशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कुजबुजायचं पण नाही, त्यानेही घशावर ताण येतो, पूर्ण गप्प बसा. रजा काही मिळेना, मग आठ-दहा दिवस फळ्यावर लिहून आणि हातवारे करून वर्ग चालवला, आणि खरं सांगते, वर्षभरात एवढा शांत वर्ग मला परत मिळाला नाही. आपण ओरडलो की पोरं आपल्या वरचा सूर लावतात, हे बीएडला कुणी सांगितलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांत पहिल्यांदाच पोरं एकमेकांना गणित कसं समजावतात ते माझ्या कानावर पडलं. अर्धं चुकीचं समजावत होती! म्हणजे मी शिकवलेलं नक्की कुठे जात होतं?

ते सहामाहीला कळलं. सहावीला अपूर्णांकांची बेरीज, मी चार दिवस जीव तोडून शिकवलेली, छेद समान करा, लसावि काढा, सगळं. रोज शेवटी विचारायचे, समजलं का? आणि अख्खा वर्ग एका सुरात, होऽऽ बाई! पेपर तपासायला घेतले तर निम्म्याहून जास्त पोरांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी रागाने लाल पेनाने एवढे फरकाटे ओढले की कागद फाटला एका पोराचा. घरी जाऊन रडले पण थोडी, ते जाऊ दे.

आता मी काय करते तर नियम सांगायच्या आधी तो २/५ च फळ्यावर लिहिते आणि विचारते, हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? चित्र काढतात, पट्ट्या रंगवतात, मग कुणीतरी म्हणतंच की कमी आहे. एका वर्षी एक पोरगा जागेवरून ओरडला, बाई, अर्ध्या वडापावमध्ये अजून वडापाव टाकला आणि कमी झाला होय! त्यानंतर त्या वर्गात ती चूक क्वचितच दिसली. मग छेद समान करून ५/६ आलं तेव्हा त्यांनाच पटलं की हां, हे बरोबर वाटतंय.

म्हणून त्या पोरीला मी सांगितलं की "समजलं का" हा प्रश्न आजपासून बंद. त्याला हो सोडून दुसरं उत्तर येत नाही, पोरांना घरी जायचं असतं. नवीन असताना आपलं सगळं लक्ष स्वतःवर असतं, माझा फळा कसा दिसतोय, ओढणी नीट आहे ना, पोर्शन होतोय की नाही, हेडबाई दारातून बघतायत का. लक्ष उत्तरांवर पाहिजे. तास संपताना एकच गणित, अर्ध्या कागदावर, नाव घालून. स्टाफरूममध्ये पाच मिनिटांत तीन गठ्ठे होतात, आलं, अर्धवट, नाही. उद्या काय शिकवायचं ते त्या तिसऱ्या गठ्ठ्यात असतं, तासाचा आराखडा लिहितो त्या पाठ टाचणाच्या वहीत नसतं (टाचण लिहाच हां, नाहीतर माझ्यावर येईल).

अजून एक, थांबायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या आसपास वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून काढलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी पण बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण फळ्यापुढे उभं राहून मनात एक-दोन-तीन मोजून बघा, दादरला गाडी थांबलीय आणि आपल्याला उतरता येत नाहीये असं वाटतं.

आणि हे थांबणं मी पेपर वाचून नाही शिकले, आमच्या शाळेतल्या मराठीच्या जुन्या बाईंकडून शिकले, आता रिटायर झाल्या. माझा ऑफ तास होता आणि त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले, खरं तर तिथला पंखा चांगला होता म्हणून. त्या कधीच आधी नाव घ्यायच्या नाहीत. प्रश्न, मग शांतता, मग नाव. मी उलटं करायचे. आधी नाव घेतलं की बाकीचे एकोणसाठ सुटले ना, त्यांचं डोकं लगेच बंद. एवढी साधी गोष्ट, पण मला पाच वर्षांत दिसली नव्हती. तर ऑफ तासाला प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळायचं काम, नसेल तेव्हा महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात बसा. विचारून बसा अर्थात, काही सीनियर लोकांना वाटतं आपली चौकशी लागलीय.

ट्रेनिंगचं विचाराल तर नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं लिहिलंय. चांगलंच आहे. पण मी स्वतः दीक्षा या सरकारी ॲपवरचा शिक्षकांचा कोर्स पोळ्या लाटताना ओट्यावर मोबाईल टेकवून चालू ठेवलाय आणि सर्टिफिकेट घेतलंय, आता बोलायला काय लाजायचं. त्यातलं मला आज एक अक्षर आठवत नाही. नंतरचे दोन कोर्स नीट केले, एकेक गोष्ट उचलून सोमवारी वर्गात करून बघितली, ते राहिलं.

आणि पैशाचं पण बोलू या, कारण नव्या पोरांना सवयी सांगणारे सगळे पूर्ण पगारवाले असतात, मी धरून. नव्या शिक्षकाने शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं पूर्ण पगाराऐवजी मानधनावर काढायची. ते २०२३ मध्ये वाढलं तेव्हा प्राथमिकला ६,००० चं १६,००० झालं आणि माध्यमिकला ८,००० चं १८,०००. मुंबईत रूमचं भाडं, पास आणि गावी पाठवायचे पैसे काढून काय उरतं? ही पोरगी संध्याकाळी ट्यूशन्स घेते. तिला मी रोज दोन तास वाचन कर असं कुठल्या तोंडाने सांगू. म्हणून जे सांगितलं ते सगळं शाळेच्या वेळात बसणारं, आणि एकच काम गाडीतलं.

ते म्हणजे वही. दहा रुपयांची, पर्समध्ये मावणारी. मी घाटकोपरला चढते, ठाण्याला बायका उतरल्या की कधीमधी सीट मिळते, तेव्हा दोन ओळी लिहिते. आज काय फसलं, कोण बोललं नाही, बस. सुविचार लिहायचे नाहीत. वर्षाच्या शेवटी आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर मूल कसं शिकलं त्याच्या, वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात ना, तेव्हा ही वही सोन्यासारखी कामाला येते. सुरुवातीला मी साठ पोरांना आलटून पालटून "गणितात रस घेतो" आणि "सरावाची गरज आहे" एवढंच लिहिलं होतं, एका पोराच्या आईने विचारलं की बाई, कशाचा सराव, तर मला सांगता येईना.

परवा ती पोरगी म्हणाली, मॅडम, तुम्ही माझ्या तासाला मागे येऊन बसाल का? बसले. प्रश्न विचारला तिने आणि थांबली, ओठ हलत होते, एक, दोन... दोनवरच धीर सुटला आणि उत्तर स्वतःच सांगून टाकलं. मग माझ्याकडे बघून जीभ चावली. पोरांना काही कळलं नाही. बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत म्हणाली, उद्या परत याल?

उद्या माझे सलग पाच तास आहेत, सोमवारी येते म्हटलं.