झोपलेल्या विंडोजची झडती

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टम आहेत; सुरू करताना एक निवडायची. ताईचा पेनड्राइव्ह हातात आला तेव्हा मी योगायोगानं लिनक्समध्ये होतो. प्रबंधाची सगळी प्रकरणं गायब झालीत आणि प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतोय, असं ती रडवेली होऊन सांगत होती. मी पेनड्राइव्ह लावला, तर तिचे फोल्डर जागच्या जागी! व्हायरसनं त्यांच्यावर 'हिडन' आणि 'सिस्टम' असे शिक्के मारले होते, म्हणून विंडोज ते दाखवत नव्हतं. लिनक्सच्या फाइल मॅनेजरला त्या शिक्क्यांचं काही देणंघेणं नसतं. शॉर्टकट आणि त्यांच्यामागची स्क्रिप्ट, दोन्ही समोर उघडी पडली होती. आधी प्रकरणं कॉपी करून घेतली, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट केला.

तोवर मी दोन्ही सिस्टमवर चालेल असा एकच अँटिव्हायरस शोधत होतो. त्या दिवशी लक्षात आलं, की प्रश्नच चुकलाय. एका वेळी एकच सिस्टम जागी असते, आणि दुसरीचा पहारेकरी तिच्याबरोबर झोपलेला असतो. शिवाय लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, ईएक्सटी४ या पद्धतीनं मांडलेलं असतं, आणि ते विंडोजला आपणहून वाचता येत नाही. लिनक्सला मात्र विंडोजची एनटीएफएस ही मांडणी वाचता येते. २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर लिहिता-वाचता येणारा नवा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. नजर एकाच बाजूनं पोचते, तर तिचा उपयोग करून घ्यायचा.

विंडोजकडचा निर्णय लवकर झाला. लॅपटॉपसोबत एक चाचणी-मुदतीचा अँटिव्हायरस आला होता, तो काढला. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप परत सुरू झाला. विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सिस्टममध्येच असतो, आणि दुसरा बसवला की स्वतः बाजूला होतो. दोन पहारेकरी एकाच वेळी जागे ठेवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना अडवतात आणि मशीन रखडतं.

लिनक्सकडे सतत जागा राहणारा पहारा मी मुद्दाम ठेवला नाही. क्लॅमएव्ही नावाचा अँटिव्हायरस बसवलाय, पण हाक मारल्यावरच येणारा. त्याची सेवा कायम चालू ठेवली तर व्हायरसच्या खुणांची यादीच एक जीबीहून जास्त रॅम धरून बसते, आणि माझ्याकडे एकूण ८ जीबी. लिनक्सला काही होत नाही, असं मात्र मी मुळीच मानत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये, चोरून शिरण्यासाठी ठेवलेलं मागचं दार सापडलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे एका इंजिनिअरनं चिकाटीनं शोधलं म्हणून ते उघड झालं. खुणांची यादी पाहणाऱ्या स्कॅनरला ते आधी कळलं नसतं. म्हणून अपडेट वेळेवर आणि सॉफ्टवेअर लिनक्सच्या अधिकृत रिपॉझिटरीतूनच (भांडारातूनच), हे दोन नियम मी मोडत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन वापरत असाल तर आणखी एक पाहा: त्यात झेड ड्राइव्ह म्हणजे तुमची अख्खी फाइल सिस्टम असते. विंडोजची घातक फाइल वाइनमध्ये चालली, तर तिला होम फोल्डरपर्यंत रस्ता मोकळा. मी ती जोडणी काढून टाकली.

आता झडती. महिन्यातून एकदा मी लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट करतो (जोडून घेतो), क्लॅमएव्हीच्या फ्रेशक्लॅम या आज्ञेनं खुणांची यादी ताजी करतो आणि त्याचाच तपासणारा क्लॅमस्कॅन रात्रभर सोडून देतो. विंडोज जागं असताना रूटकिट, म्हणजे सिस्टममध्ये दडून बसणारा घातक प्रोग्रॅम, स्वतःच्या फाइली लपवू शकतो. विंडोज झोपलं की त्याचा कोडच चालत नाही, लपवणार कोण? दोन सिस्टम सांभाळण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. मात्र आधी विंडोजमधला फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा. तो चालू असला तर शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, आणि तशा पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहिलं तर फाइल सिस्टम बिघडू शकते.

झडतीत काही सापडलं तरी लिनक्समधून पुसत नाही. एकदा क्लॅमस्कॅननं प्रिंटरच्या ड्रायव्हरची फाइल संशयित ठरवली. नाव लिहून घेतलं, विंडोजमध्ये जाऊन तीच फाइल डिफेंडरला दाखवली, निर्मात्याची डिजिटल सही तपासली. फाइल निर्दोष होती. विंडोजची एखादी कामाची फाइल अशीच उडवली असती, तर पुढच्या वेळी विंडोज उठलंच नसतं.

दोन्ही सिस्टमना सामाईक असलेल्या पार्टिशनची परीक्षा ऐकारच्या चाचणी-फाइलनं घेतली. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. अँटिव्हायरसनं ती व्हायरससारखी पकडायची असा संकेत आहे. लिनक्समधून तिथे ठेवली, विंडोजमध्ये जाऊन उघडायला गेलो, आणि डिफेंडरनं लगेच अडवलं.

विंडोजच्या पार्टिशनला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवणारं कुलूप, लावलेलं असेल तर लिनक्सला आत फक्त गिचमीड दिसेल. क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या साधनाच्या २०२० मधल्या २.३ आवृत्तीपासून असं पार्टिशन रिकव्हरी कीनं उघडता येतं. माझी ४८ अंकी की मी कागदावर लिहून लॅपटॉपपासून लांब, घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली आहे.