कोंढाळीकडची बरडी: एका रविवारची फेरी

नागपूरकराला बर्डी म्हटलं की सीताबर्डी, मेन रोड, खरेदी अन् गर्दी एवढंच आठवते. ही बरडी वेगळी. जमिनीचा सारा ठरवायच्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत नागपूरच्या जमिनीचे काळी, मोरांड, खरडी, बरडी असे प्रकार लिहिलेले सापडतात, त्यात बरडी सगळ्यात शेवटची, म्हणजे टेकडीच्या उतारावरची तांबूस, गोटाळ, वीतभर खोलीची माती. ती पाहायला दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं गेलो होतो: मी, भाऊजी अन् ॲग्रीला शिकणारा माझा भाचा.

कारण साधं होतं. भाऊजींना एका दलालानं उतारावरचं दोन एकर दाखवलं होतं, "व्ह्यू एक नंबर, भाव स्वस्त, संत्रा लावा अन् विसरून जा" म्हणून. भाऊजी अर्धे राजी झालेले. भाचा म्हणाला, बाबा, टोकन द्यायच्या आधी एकदा खणून तर पाहू.

सहाला निघालो, तर्री पोहे हाणले अन् अमरावती रोड धरला. याच रोडवर देशभरच्या मातीचे नकाशे करणारी केंद्राची मृद सर्वेक्षणाची संस्था आहे, १९७६ ची, मुख्यालय आपल्या नागपुरात, अन् आपण तिच्यासमोरून जाऊन माती बघायला दलालाच्या भरवशावर निघालेलो. असो. कोंढाळी साधारण ५० किलोमीटर, पण बाजारगाव ओलांडलं की थोडं सावकाश चालवा, कारण दोन्हीकडं टेकड्यांची कापलेली अंगं दिसायला लागतात. वर लाल, मध्ये पिवळट मुरूम, खाली काळा दगड. गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नीट बघितलं तरी निम्मं काम इथंच होते.

टेकडीवर पोचल्यावर सब्बल, म्हणजे पहार, मारली तर चौथ्या घावाला ठण्ण. दुसऱ्या जागी तेच. हात झिणझिणले. मग भाच्याला वर सलग समतल चर दिसले, पाणी अडवायला खणलेले, गुडघ्याएवढे खोल. ही युक्ती लक्षात ठेवा, उतारावर खड्डा खणत बसू नका, कुठं चर किंवा रस्त्याची कापणी असेल ती शोधा, तिची बाजू खुरपीनं जरा ताजी तासून घ्या अन् टेप लावा. आमच्या चरात वरची तांबूस माती २२ सेंटीमीटर, त्याखाली हातानं चुरगळणारा मुरूम, अन् त्याखाली बेसाल्टचे गोल गोटे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. पापुद्रा नखानं निघतो, आतला गड्डा मात्र हातोड्यालाही दाद देत नाही. हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, अन् त्याची माती व्हायची सुरुवात या पापुद्र्यांपासूनच. माती तयार होत नाही असं नाही, पण ती तयार होते त्याच्यापेक्षा लवकर उतारानं खाली जाते, म्हणून टेकडीच्या अंगावर फारशी साठत नाही. खालच्या वावरात जी मीटर मीटर खोल काळी आहे ना, ती बऱ्याच अंशी वरूनच उतरलेली. दगड तोच, पण वर पाणी झटकन निघून जाते म्हणून लोखंड गंजून लाली, अन् खाली पाणी थांबते म्हणून चिकण अन् चुना साठतो. भाच्यानं पायथ्याच्या काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला, वर काहीच नाही. लिंबू न्या सोबत, तसंही उन्हात कामी येते.

मग चाळणी. २ मिलिमीटर भोकाची घ्या, त्याच्यावर राहते ती खडी, खाली पडते ती खरी माती. एक डबा चाळला, जवळपास अर्धा वरच राहिला. म्हणजे २२ सेंटीमीटरमधली माती खरी ११ सेंटीमीटर. भाच्यानं तिथंच मोबाइलवर हिशेब केला: अशा मातीत झाडाच्या कामाचं पाणी धरा १५ टक्के, म्हणजे सगळं मिळून १६-१७ मिलिमीटर. ऑक्टोबरच्या उन्हात गवत दिवसाला ४-५ मिलिमीटर सहज ओढते. चार दिवसांत टाकी रिकामी! खालच्या मीटरभर काळीत हाच हिशेब दीडशेच्या वर जातो, महिनाभर चालते. मुरमाच्या फटीत थोडं पाणी असते, सालई-धावड्याची मुळं तेच शोधत आत शिरतात, म्हणून ती झाडं उभी दिसतात, पण त्या भरवशावर बाग होत नाही.

मला खरा धक्का इथं बसला. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, नगरकडं त्याच्या निम्म्याच्या आसपास, तरी ही टेकडी वागायला अगदी नगरच्या माळासारखी. पाऊस मोजतो आपण ढगातून पडला तेवढा, माती मोजते तिच्याजवळ थांबला तेवढा. अन् जुलैत आठ-दहा दिवस उघाड पडली की वर दुष्काळ, खाली चिखल.

वर एक गुराखी बाबा भेटले. म्हणाले, "काय शोधून राहिले भाऊ?" म्हटलं माती पाहून राहिलो बाबा. "माती त खाली हाय. इथं गोटेच हायेत, पण गोटे काढू नका बरं." आधी वाटलं असंच बोलले, पण मग बघितलं, दगडाखाली बोट घातलं तर माती ओलसर, अन् हातभर बाजूला उघड्यावर कडक पापडी. वरचे दगड थेंबाचा मार झेलतात अन् ऊन अडवतात. दगड वेचून जमीन 'साफ' करणाऱ्यांनी हे एकदा हात लावून बघावं. झुडपाखालची मातीही वेगळी, काळसर, भुसभुशीत, पालापाचोळ्याची. दोन झुडपांच्या मधली फिक्कट अन् घट्ट, ढोरांच्या खुरांनी दाबलेली. उताराला आडव्या बारीक पायवाटांच्या पायऱ्या दिसतात त्या खुरांच्याच. बाबा सांगत होते की पूर्वी इथं पवन्या गवत मुबलक होतं, ढोरं आवडीनं खायची, आता चरून चरून सगळीकडं कुसळी. ती पोळ्याच्या आधी कोवळी असली तर चालते, नंतर कुसळं धरली की ढोरांच्या तोंडात रुतते.

आमच्या मोज्यातही रुतली. दिवाळीच्या आगेमागे जात असाल तर लोकरी-जाड मोजे अजिबात नको, गुळगुळीत कापडाची पँट अन् घोट्यावर पट्टी बांधा. पाणी माणशी तीन लिटर, सावली विसरा. दगड उलटवताना त्याची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडं कलवा, म्हणजे खालचं जे असेल ते पलीकडं निघेल, अन् तेही सब्बलीनं, हातानं नाही, आम्हाला तिसऱ्याच दगडाखाली विंचू निघाला अन् भाऊजी पाच मिनिटं गाडीकडंच बघत होते. दगड पुन्हा जसा होता तसा ठेवा. उतरताना सुट्या मुरमावरून टाच टेकत तिरकं या, मी सरळ उतरलो अन् बसूनच खाली आलो, कोपर सोलला. दोन्ही उतार बघा, उत्तरेकडचा आमच्याकडं हिरवट होता अन् झाडं जास्त, दक्षिणेकडचा भाजलेला. दलाल नेमका हिरवा दाखवतो.

आता जमीन घेणाऱ्यांसाठी. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीच्या कामाची नसलेली जमीन, किती लिहिलाय ते आधी बघा. अन् 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे का ते त्याच्याही आधी. विदर्भात असे मुरमाड, झुडपं अन् चराईचे तुकडे महसुली कागदावर याच नावानं नोंदवलेले आहेत, अन् २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच धरायची असा निकाल दिला. भाऊजींच्या दोन एकराला लागून असलेला तुकडा तसाच निघाला, हद्द कुठं ते दलालालाही सांगता येईना. संत्रा तर सोडाच, त्याला निचरा पाहिजे हे खरं, पण मुळाला खाली जायला जागाही पाहिजे, इथं खड्डे फोडून बाहेरची माती भरायची तर जमिनीपेक्षा ट्रॅक्टरचं भाडं जास्त होईल.

परतीच्या वाटेत चहाला थांबलो. भाऊजी गप्प, मोज्यातली कुसळं एकेक उपटून कपाच्या बशीत ठेवत होते. मग एकदम म्हणाले, "मग सीताफळ?" भाचा म्हणाला, "बाबा, सीताफळ तिथं आधीच आहे, कोणी न लावता. चराच्या कडेला पाहिलं नाही का तुम्ही?"