एका सुताचा फरक

रविवार, रात्री अकरा

भाचीच्या बाळाचे बारसे सव्वा महिन्याने करायचे ठरले आहे, म्हणून विकतचे दुपटे नेण्याऐवजी आपणच एक लहानशी गोधडी शिवावी असे मी ठरवले. ब्लाउजपलीकडे मी आजवर काही शिवलेले नसल्यामुळे नमुना मुद्दाम सोपा निवडला: साडेसहा इंचांचे ३० चौकोन, आडवे पाच आणि उभे सहा. शिवणीत दोन्ही बाजूंनी पाव इंच जाऊन प्रत्येक चौकोन सहा इंचांचा उरेल आणि ३० बाय ३६ इंचांची गोधडी तयार होईल, हा हिशेब कागदावर अगदी चोख बसला होता.

हल्ली ज्याला गोधडीची आधुनिक धाटणी म्हणतात, तिच्यात फुलाफुलांची चिटे सहसा नसतात. एकरंगी कापड, बरीचशी मोकळी जागा आणि त्या मोकळ्या जागेत एका कडेला सरकलेले दोन-चार गडद तुकडे, एवढेच असते. एकरंगी कापडाच्या बाबतीत मुंबईकरांइतके सुखी कोणी नसेल. दादरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या पातळ सुती कापडाचे, गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात, आणि दुकानदार छटा दाखवायला आपल्याला फुटपाथवरच्या उजेडात घेऊन जातो. मी एक मीटर मोतिया, पाव मीटर हळदी आणि कडेने लावायच्या गोटाच्या पट्ट्यांसह पाऊण मीटर डाळिंबी घेतले. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) मीटरभर मोतियातून एरवी ३० चौकोन बसले असते. धुतल्यावर कापड आटून २५च निघाले. मला २२ हवे होते, त्यामुळे तीन शिल्लक राहिले. पाच हळदीचे आणि तीन डाळिंबीचे धरून तिसाची भरती झाली. डाळिंबी वेगळ्या बादलीत भिजवले हे बरे झाले, कारण पाणी सरबतासारखे लाल झाले होते.

काल रात्री पहिली ओळ शिवली. पाच चौकोन, चार शिवणी, वीस मिनिटांचे काम. ओळीची लांबी साडेतीस इंच यायला हवी होती. टेप लावला तर साडेएकोणतीस! चौकोन पुन्हा मोजले, ते बरोबर होते. मग मशीनच्या पायाखाली मोजपट्टी सरकवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. पायाची कड सुईपासून पाव इंचावर आहे असे मी गृहीत धरले होते. पाव इंच म्हणजे दोन सूत. माझ्या मशीनची कड निघाली तीन सुतांवर. एका शिवणीत दोन चौकोनांचे मिळून दोन सूत जास्त गेले, आणि चार शिवणींत आठ सूत, म्हणजे बरोबर एक इंच. ब्लाउज शिवताना एका सुताकडे मी कधी ढुंकूनही पाहिले नव्हते.

सुईपासून दोन सुतांवर, मशीनच्या सुईखालच्या पट्टीवर, कागदी टेप चिकटवला आणि ओळ उसवायला घेतली. रुबिया पातळ असते. तिसऱ्या शिवणीत ब्लेडचे टोक घुसून मोतिया चौकोनाला तुरीच्या डाळीएवढे भोक पडले, आणि शिलकीतला एक चौकोन कामी आला. भोक पडलेला तुकडा मी केराच्या टोपलीत टाकणार तोच सासूबाईंनी तो उचलून आपल्या चिंध्यांच्या बोचक्यात ठेवला. मग सारा प्रकार ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, सगळ्याच ओळी तशा शिवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? ओळीला ओळ जुळली म्हणजे झालं." त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, आणि ते उसवून झाल्यावर ऐकू आले याचा मला राग आला.

सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरी वाकळ शिवत तेव्हा खाली लुगड्यांचे थर अंथरून वर तुकडे ठेवायचे, कडा आत दुमडत सगळ्या थरांतून एकदमच धावदोरा घालायचा. तुकडा कमी पडला तर शेजारचा थोडा पुढे सरकवायचा. त्या पद्धतीत सुताची चूक उरतच नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवरही आल्या. विटक्या जीन्स आणि कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या त्या गोधड्यांची छायाचित्रे मी सासूबाईंना मोबाइलवर दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाईनं टेप लावलेला दिसत नाही."

बाकीच्या पाच ओळी आज सकाळी झाल्या. एका ओळीच्या शिवणी इस्त्रीने डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे पाडल्या की जोडताना त्या एकमेकींना बोटालाही कळेल अशा अडकतात, आणि चार कोपरे मिळतात तो चौक आपोआप जुळतो. मात्र मोतियातून गडद रंगाची आतली शिवण दिसते, त्यामुळे ती गडद बाजूलाच पाडावी लागते. दोन्ही नियम एकाच जागी पाळता येत नाहीत, म्हणून दोन चौक किंचित चुकले आहेत.

आत कापूस घातलेला नाही. इथल्या हवेत त्याची गरज नाही आणि पावसाळ्यात तो वाळणार कुठे? सासूबाईंची विरलेली सुती साडी दोनपदरी घातली, खाली जुन्या चादरीचे अस्तर चहूबाजूंनी दोन इंच जास्त ठेवले, आणि सगळे थर कच्च्या टाक्यांनी धरून मधून कडेकडे धावदोरा सुरू केला. डाळिंबीवर साबणाच्या चपट्या वडीने रेघ उमटते; मोतियावर ती दिसत नाही, तिथे पट्टी धरून नखाने घडी पाडते. माझे इंचाला चार टाके पडतात, सासूबाईंचे सात. दुपारी त्यांनी न विचारता दोन रेघा घातल्या, आणि त्या कोणत्या हे बारशाला आलेल्या कोणालाही ओळखता येईल.

आज सात रेघा झाल्या. मोतिया दोरा संपत आला आहे. उद्या ऑफिसमधून येताना दोन रिळे आणायची आहेत, आणि छटा तीच मिळावी म्हणून कापडाची एक चिंधी पर्समध्ये टाकून ठेवली आहे.