परमँगनेट प्रबळ की डायक्रोमेट?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ‘परमँगनेट अधिक प्रबळ ऑक्सिडक की डायक्रोमेट, आणि ते ठरवायचे कसे?’ हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. ऑक्सिडक म्हणजे दुसऱ्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ, आणि प्रमाण क्षपण विभव म्हणजे ही ओढ व्होल्टमध्ये सांगणारा आकडा. या विभवाच्या कोष्टकात ज्याचा आकडा अधिक धन तो अधिक प्रबळ, हे पाठ्यपुस्तकातले उत्तर बरोबरच आहे. फ्लोरिन +२.८७ व्होल्ट, आम्लयुक्त परमँगनेट +१.५१, क्लोरीन +१.३६, डायक्रोमेट सुमारे +१.३३ आणि आयोडीन +०.५४, असा तो उतरता क्रम लागतो. परमँगनेटच्या अनुमापनात (म्हणजे ब्युरेट या मापननळीतून ते मोजून सोडत दुसऱ्या पदार्थाचे प्रमाण काढण्यात) हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी विरल सल्फ्युरिक आम्ल घेतात, त्याचे कारणही येथेच सापडते: परमँगनेट क्लोराइडचेच क्लोरीन करू लागते आणि ब्युरेटमधले द्रावण नाहक जास्त खर्ची पडते, तर डायक्रोमेट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात खुशाल वापरता येते.

मात्र हा आकडा कोणत्या अटींवर मोजला आहे हे पाहिल्याशिवाय तो वापरू नये, असा माझा आग्रह असतो. +१.५१ हा विभव सामू (pH, आम्लतेचे माप; जितका कमी तितके द्रावण अधिक आम्ल) शून्य असतानाचा आहे. परमँगनेटच्या अर्ध-अभिक्रियेत (म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन घेण्याच्या समीकरणात) पाच इलेक्ट्रॉनांमागे आठ हायड्रोजन आयन खर्च होतात, म्हणून २५ अंश सेल्सिअसला सामू एका अंकाने वाढला की विभव सुमारे ०.०९५ व्होल्टने घसरतो. क्लोरीनच्या अर्ध-अभिक्रियेत हायड्रोजन आयन नसल्यामुळे त्याचा विभव जागचा हलत नाही, आणि सामू २ झाला की निदान कागदावर तरी परमँगनेट क्लोरीनच्या खाली उतरते. डायक्रोमेटला सहा इलेक्ट्रॉनांमागे चौदा हायड्रोजन आयन लागतात, म्हणून त्याची घसरण आणखी तीव्र असते. मुळातच खाली असलेले डायक्रोमेट सामू वाढला तरी परमँगनेटला गाठत नाही ते यामुळे.

विभवावरून अभिक्रिया घडू शकेल की नाही एवढेच कळते, ती किती वेगाने घडेल हे कळत नाही. परसल्फेटचा विभव सुमारे +२.० असूनही मँगनीज सल्फेटच्या जवळजवळ रंगहीन, आम्लयुक्त द्रावणात ते थंडच घातले, तर बराच वेळ काहीही दिसत नाही. सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब उत्प्रेरक म्हणून टाकून परीक्षानळी गरम केली, की परमँगनेटचा जांभळा रंग चढू लागतो. थंड, विरल परक्लोरिक आम्लही असेच सुस्त असते, पण तेच संहत आणि गरम असताना सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.