आमची वाटचाल : एक आदण आणि बऱ्याच वराती

२००४ साली कर्ज काढून सोनीचा पीडी-१७० हा व्हिडिओ कॅमेरा घेतला, तेव्हा डोक्यात माहितीपट होते आणि हातात लग्नाच्या ऑर्डरी. दुकानाचं भाडं आजही लग्नंच भागवतात. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी गाडी सिग्नलला थांबली की मात्र जरा ओशाळल्यासारखं होतं. याच गावात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. आणि आम्ही आयता कॅमेरा घेऊन वराती टिपतोय!

पहिला माहितीपट गुऱ्हाळावर केला. पैसे कुणी देणार नव्हतं, म्हणून लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जायचो. पहाटे काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, आदणाची (रसाच्या एका खेपेची) वाफ अशी चढायची की लेन्स पुसण्यातच निम्मा वेळ जाई. गुळव्यांचं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या मामांचं, सगळं लक्ष रसात. भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, चुलवाणात चिपाडं ढकलणाऱ्याला नुसत्या हातानं खुणावायचं. गूळ झाला का ते कळायला ते पाण्यात थेंब टाकून गोळी बघायचे, तोच क्षण मला हवा होता. तीन वेळा हुकला. चौथ्यांदा म्हणालो, "मामा, परत एकदा टाका की." ते म्हणाले, "तवर गूळ करपंल, त्याचं काय?" तेव्हापासून कुणाला 'परत एकदा करा' म्हणत नाही. लग्नात सोडून.

मधे एका सरकारी खात्याची फिल्म केली. बिल दोन वर्षांनी निघालं. त्यावर जास्त काय लिहायचं!

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ ची. शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. लग्नाच्या टेप गिऱ्हाईक मागेल म्हणून माळ्यावर होत्या; गुऱ्हाळाच्या कच्च्या टेप खालच्या फळीत. चिखलात सगळ्या गेल्या. उरली ती बावीस मिनिटांची संकलित डीव्हीडी, तीही घरी होती म्हणून.

गेल्या दिवाळीत गुळव्यांचा नातू दुकानात आला. मामा वारले होते; घरात फोटो होता, आवाज नव्हता. पेन ड्राइव्हवर फिल्म घालून दिली. करपण्याचं ते वाक्य त्यात आहे. पोरानं तिथंच तीनदा ऐकलं. पैसे घेतले नाहीत. वैशाखात त्याचं लग्न आहे, ऑर्डर आमच्याकडंच.