उजवा स्पीकर

एक्स्प्लोजन्स इन द स्काय या अमेरिकन बँडचा नवा अल्बम २०२३ च्या १५ सप्टेंबरला आला. त्याच दिवशी नागपुरात मारबत होती. अल्बमचं नाव 'एंड', म्हणजे शेवट. आणि आम्ही इकडे सकाळपासून इतवारीत घामाघूम उभे, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत. हा योग बँडच्या ऑस्टिनमधल्या त्या चार जणांना कळवावा असं फार वाटलं, पण इंग्रजीत मारबत समजावून सांगायची कशी?

मराठीतही नागपूरबाहेरच्यांना सांगावीच लागते म्हणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या बायांचे पुतळे मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे असतात, त्यात महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाचाही नंबर लागतो. शेवटी सगळं जाळायचं. वाजवायला संदल, म्हणजे ढोलवाल्यांचा ताफा. संदल जवळून गेला की कानांच्या आधी बरगड्यांना ऐकू येतो. माझ्या पर्समध्ये इयरफोन होते आणि फोनमध्ये नवाकोरा अल्बम. काढलेच नाहीत. त्या गर्दीत इयरफोन लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत डबा उघडून बसणं.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९९ पासूनचे हे लोक, मुळात तीन गिटार आणि एक ड्रम. गायक नाही. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री बाहेर फटाके फुटत होते, ते ऐकून ड्रमर म्हणाला 'आकाशात स्फोट', तेच नाव झालं. या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात. वाद्यं रॉकचीच, पण मुखडा-अंतरा असला हिशेब नाही. हळू सुरू होतं, चढत जातं, कोसळतं, पुन्हा हळू होतं. माझी ओळख २००५ साली होस्टेलच्या कॉम्प्युटर नेटवर्कवर झाली. कुणाच्या तरी शेअर केलेल्या फोल्डरमध्ये त्यांचा २००३ चा 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' होता. पाचच गाणी, पाऊण तास. परीक्षेच्या आदल्या रात्री लावला आणि चक्क अभ्यास झाला.

तेव्हापासून हे माझं कामाचं संगीत आहे. मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते, म्हणजे घरांचे नकाशे काढते. कानात शब्द शिरले की माझे आकडे चुकतात. एकदा भावगीतं ऐकत जिन्याचं सेक्शन काढलं आणि पायरीची उंची १५० मिलिमीटरच्या जागी १०५ लिहून बसले. साइटवरच्या मिस्त्रीने फोन करून विचारलं, "मॅडम, लहान पोरांची शाळा आहे का?"

लोक म्हणतात हे आपल्या आलापीसारखंच. मला नाही पटत. आलापात गाणारा त्या क्षणी वाट शोधत असतो, उद्या तो वेगळ्या वाटेने जाईल. इथे सूर न् सूर बसवलेला असतो, कुठे चढायचं ते आधीच ठरलेलं. मला हे संदलाच्या जास्त जवळचं वाटतं. लांबून येतो, अंगावरून जातो, लांब जातो. फक्त संदल येतो तेव्हा तुम्ही जागेवर असता आणि तो चालत असतो, एवढाच फरक.

तर 'एंड'. आधीचा अल्बम २०१६ चा, 'द विल्डरनेस'. मधे २०२१ मध्ये टेक्सासमधल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानावरच्या माहितीपटाचं संगीत आलं, ते मी धरत नाही. म्हणजे सात वर्षांनी सात गाणी. मारबतीच्या रात्री पाय चेपत बसले आणि बाबांच्या स्पीकरवर लावला. बाबांनी नव्वदच्या दशकात घेतलेली सोनोडाइनची जोडी, त्यांच्या पगाराच्या मानाने चैनच होती ती. 'टेन बिलियन पीपल' सुरू झालं आणि पहिल्याच मिनिटाला खात्री पटली की हे बँडवाले म्हातारे झालेले नाहीत. गिटारपेक्षा ठेक्यावर जोर आहे, दाराशी कुणीतरी घाईत असल्यासारखा. 'मूव्हिंग ऑन' मला जरा सरळसोट वाटलं. 'लव्हड वन्स' पहिल्यांदा ऐकताना मी चक्क भांडी घासायला उठले. 'द फाइट' मात्र स्पीकरच्या समोर बसून ऐकलं. शेवटच्या गाण्याचं नाव 'इट्स नेव्हर गोइंग टू स्टॉप'. 'शेवट' नावाच्या अल्बमचं शेवटचं गाणं 'हे कधी थांबणारच नाही'. त्यांना मारबत माहीत असती तर आवडली असती, दरवर्षी जाळायची आणि दरवर्षी पुन्हा बांधायची.

आई आतून म्हणाली, "काय लावून ठेवलं वो, नुसतं दळण दळून राहिले."

पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या हॉलच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, म्हणजे बरोबर स्पीकरच्या जागी. म्हणून डावा स्पीकर उचलून कपाटावर ठेवला. उजवा जड वाटला, कंबर दुखत होती, तो दारामागे जमिनीवरच सरकवून दिला. २२ तारखेला जेवण. पुरण, कढी, आंबील, सोळा भाज्या, बावीस माणसं. रात्री अकराला आम्ही दोघी आडव्या झालो ते मेल्यासारख्या.

जाग आली ती टण्ण अशा आवाजाने. मग थांबून पुन्हा टण्ण. मांजर असेल वाटलं. पाय खाली ठेवला तर पाण्यात. आंबिलीचं पातेलं तरंगत येऊन पलंगाच्या लोखंडी पायाला धडकत होतं.

आमचं घर कॉर्पोरेशन कॉलनीत, तळमजल्यावर. जोतं दीड फूट. मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरांची जोती काढते, स्वतःच्या जोत्याकडे इतक्या वर्षांत एकदाही टेप घेऊन गेले नव्हते. त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी, जिला आम्ही सवयीने नालाच म्हणतो, तिला एकदम आठवलं की आपण नदी आहोत. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. सकाळी आमच्या गल्लीतून एनडीआरएफची बोट गेली. लहानपणापासून ज्या गल्लीत सायकल चालवली तिथे बोट बघताना मला हसू आलं, याची अजून लाज वाटते.

अंधारात आईने सगळ्यात आधी मुखवटे उचलले. मग माझ्या हातात दिले आणि म्हणाली, वर जा. मी दोन्ही महालक्ष्म्यांना छातीशी धरून वरच्या काकूंच्या जिन्यात उभी राहिले. मुखवट्यांखालच्या कोठ्या, त्यातलं धान्य, फुलोरा, सगळं खालीच राहिलं. तिसऱ्या दिवशी विसर्जन असतंच. आई म्हणाली, "यंदा त्या आपल्या आपणच निघाल्या." आणि मग पहिल्यांदा रडली.

या बँडवर माझी एक तक्रार आहे, ती त्या जिन्यात सुचली. हे लोक फार आधी सांगून येतात. तीन-चार मिनिटं आधीपासून कळत असतं की आता काहीतरी कोसळणार आहे, आणि ते बरोबर वेळेवर कोसळतं. अठरा वर्षं मला वाटायचं की मोठ्या गोष्टी अशाच येत असतील, ड्रम वाजवत. आमच्याकडे पातेलं वाजलं.

नंतरचे दहा दिवस चिखल. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गाद्या रस्त्यावर, फ्रीज रस्त्यावर, सगळ्यांचेच, त्यामुळे लाज नव्हती. पंचनाम्याला माणूस आला, त्याने यादीत 'स्पीकर' लिहिलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

घरात वीज धड झाल्यावर डावा स्पीकर कपाटावरून उतरवला. अँप्लिफायर वरच्या फळीवर होता, वाचला. एकाच स्पीकरवर 'एंड' लावला. अर्धा अल्बम गायब! उजवीकडून येणारं जे काही होतं ते गेलं आणि डावीकडच्या बारीकसारीक गोष्टी उघड्या पडल्या, शेजारच्यांचं छत उडाल्यावर त्यांचा संसार दिसावा तशा. ज्या 'लव्हड वन्स'ला मी भांडी घासायला उठले होते, त्यात एक सूर इतका एकटा, इतका वेळ टिकून होता की मी पोछा हातात घेऊन तशीच उभी राहिले. आईसुद्धा काही बोलली नाही. ती डाळ निवडत होती, भिजलेली वेगळी, कोरडी वेगळी. बोलली नाही याचा अर्थ आवडलं असा नाही, दमली होती.

दसरा झाल्यावर उजवा स्पीकर ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून बर्डीच्या बाजारात नेला. तिथे एका बोळात एक काका रेडिओ, टेप, मिक्सर, सगळं दुरुस्त करतात. लाकूड खालून फुगलं होतं, वूफरचा कागदी कोन लोंबत होता. "चार दिवस लागतील," म्हणाले. लागले अकरा.

काल आणायला गेले. नवा कोन बसवला होता, खालची फळी बदलली होती, रंग काही जुळला नव्हता. "लावा तुमचं एखादं गाणं," म्हणाले. मी फोन जोडला आणि 'लव्हड वन्स' लावलं. इतक्या दिवसांनी उजवी बाजू. काकांनी कान स्पीकरला लावला. एक मिनिट गेलं, दोन गेले. त्यांनी वायर हलवून पाहिली, मागचा स्क्रू आवळला, कपाळाला आठ्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्युझिक येऊन राहिलं बरोबर," ते म्हणाले, "पण गाणारा नाही येऊन राहिला. आवाजाची लाइन कुठं तुटली असंन."

मी म्हटलं, काका, यात गाणाराच नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचा फोन जोडून एक जुनं हिंदी गाणं लावलं. बाईचा आवाज आला, स्वच्छ. काका खूष झाले, पूर्ण कडवं ऐकून मगच वायर काढली, आणि साडेसहाशे रुपये घेतले.