चैत्रात पॉलिश, आषाढात चुना : अमळनेरच्या घराची नोंद

घर अमळनेरचं, बोरी नदीच्या अलीकडचं. पुढची खोली आजेसासऱ्यांच्या वेळची, जाड भिंतींची, वर्षानुवर्षं चुना खाल्लेली. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर नंतरचं, स्लॅबचं. रंग आणि फर्निचर मिळून 18,000 रुपयांत बसवायचं, फर्निचर जुनंच घ्यायचं आणि हाताने उभं करायचं, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. मुदत कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद घरात असतात आणि त्याआधी भिंती उजळायच्याच, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रंगकामाचे व्हिडिओ खोलीनुसार चालतात: आधी हॉल, मग बेडरूम, मग किचन. आपल्या हवेत ते जमत नाही. एप्रिल-मे म्हणजे कोरडा फुफाटा, जुलै-ऑगस्ट म्हणजे दमट. लाखेच्या पॉलिशला कोरडी हवा लागते, दमट हवेत ते पांढुरकं पडतं. चुन्याचं बरोबर उलटं. म्हणून मी क्रम महिन्यांनुसार लावला. पॉलिश चैत्रात, लोखंड वैशाखात, मागच्या खोल्या मृगानंतर आणि चुना आषाढात.

फाल्गुन : खरेदी

जुने वाडे आणि धाब्याची घरं पाडली की त्यांचं लाकूड जिथे येतं, अशा वखारी जळगाव-धुळ्याकडे शोधल्या की सापडतात. तुळया, चौकटी, दारं, खुंट्या, सगळं उन्हात रचलेलं असतं. तिथे तीन वस्तू मिळाल्या. एक बंगई, म्हणजे घरात टांगायचा लाकडी झोका, हिरव्या ऑइलपेंटने पूर्ण झाकलेली, कड्यांसकट 4,500 रुपये. एक आरशाचं लोखंडी कपाट, 1,800. आणि वाड्याच्या दाराची एक फळी, 1,400, तिचं टेबल करायचं होतं.

बंगईवरचा रंग इतका जाड होता की लाकूड कुठलं ते दिसत नव्हतं. वखारवाल्या काकांनी खालच्या बाजूला पटाशीचं टोक फिरवून दाखवलं. "ताई, हाई सागवान शे, सागवान! आते असं लाकूड कोठे भेटस?" मी त्यांच्या शब्दावर गेले नाही, खाली वाकून पाहिलं. खरवडलेल्या जागी सोनेरी तपकिरी रंग, सरळ रेषा आणि चामड्यासारखा किंचित उग्र वास. सागच होता.

जुनं लाकूड घेताना नेहमी मागची आणि खालची बाजू पाहा. पुढची बाजू विकायला सजवलेली असते. बारीक भोकं दिसली तर वस्तू जमिनीवर आपटून बघा. ताजं पीठ पडलं तर कीड अजून आत आहे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन असतं, त्यामुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नसतं. आमच्या फळीची एक कड तशी पांढरी होती, ती सुताराकडून कापूनच घेतली.

चैत्र : बंगई

या नोंदीतलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

पहिला प्रश्न जुना रंग काढायचा. भारतात घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको हा नियम 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं असंच धरून चालायचं. असा रंग कोरडा घासायचा नाही, ज्योतीने जाळायचा तर मुळीच नाही, कारण धूळ आणि धूर दोन्ही शरीरात जातात, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. मी पेंट रिमूव्हर लावला, अंगणात, मास्क आणि हातमोजे घालून. रंग फुगला की पत्र्याच्या खरवडणीने उचलायचा आणि जुन्या पेपरात गुंडाळून बंद करायचा. उरलेलं ओल्या पॉलिश पेपरने. कॉस्टिक सोडा वापरा, लवकर होतं, असं बरेच जण सांगतात. साग त्याने काळवंडतो. वेळ वाचवायचा म्हणून लाकूड खराब करू नका.

हिरव्याच्या खाली चॉकलेटी निघाला, चॉकलेटीच्या खाली फिकट निळा आणि सगळ्यात तळाशी मूळ पॉलिश. त्या शेवटच्या थरासाठी काचेचा तुकडा वापरला. आमच्याकडचे जुने सुतार अजूनही हेच करतात. सागात सिलिका असते, पटाशीची धार भराभर जाते, काच मात्र बोथट झाली की नवा तुकडा घ्यायचा. तुकडा दोन्ही हातांत थोडा पुढे कलता धरून रेषेच्या दिशेने ओढला की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ सालं निघतात. साल निघण्याऐवजी भुगा पडू लागला की ती कड संपली. जाड हातमोजे घालूनच करा.

त्यानंतर 120, 180, 320 असा पेपर, कायम रेषेच्या दिशेने. आडवा एक हात फिरला तर तो ओरखडा पॉलिशखाली उठून दिसतो. कड्यांच्या जुन्या भोकांभोवतीच्या भेगा लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून भरल्या, त्यात चिमूटभर गेरू टाकला. गेरू यासाठी, की फेविकॉलचा भाग पॉलिश पीत नाही, आणि रंग आधीच जुळवला नाही तर तिथे पांढरट ठिपके राहतात.

पॉलिश चपड्याचं. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जे राळेसारखं आवरण करतो, त्याचाच हा चपडा. साधारण 200 ग्रॅम चपडा, 1 लिटर स्पिरिट, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी जुन्या साडीच्या कापडातून गाळायचं. पोटली कापसाची. आत कापूस, बाहेर धुऊन मऊ झालेलं धोतर. नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, एक जुनं धोतर यासाठी आईंनी (सासूबाईंनी) काढून दिलं. पोटलीला थेंबभर तेल लावायचं, म्हणजे ती सरकते. हात आठाच्या आकड्यात फिरवायचा आणि लाकडावर कुठेही थांबवायचा नाही. थांबला की खालचा थर विरघळून पोटलीला चिकटतो.

आता हवेचं. कोरडी हवा हवी म्हणून भर दुपारी पॉलिशला बसू नका. दुपारी स्पिरिट इतक्या झटक्यात उडतं की पोटली ओढली जाते आणि पट्टे पडतात. मी उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंतच हात चालवत होते, ओसरीत सावलीला, पंखा बंद. अंगणात आदल्या संध्याकाळी सडा मारून ठेवायचा, म्हणजे सकाळच्या वाऱ्याला धूळ उडत नाही. थर पातळ, पण पुष्कळ, आणि मध्ये मध्ये 400 नंबरचा पेपर अगदी हलका. थर वाढत गेले तसं लाकूड आतून तापल्यासारखं लाल-सोनेरी दिसायला लागलं. हात लावला तर गार.

चपड्यावर गरम कप ठेवला तर पांढरं कडं उमटतं, हे खरं. तरी बंगईला मी तोच निवडला, कारण पुढे ओरखडे पडले तर सगळं खरवडावं लागत नाही. नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. पीयूचं (पॉलियुरेथेन पॉलिशचं) तसं नाही, ते निघालं की पापुद्रेच निघतात.

कड्या घासून तेल दिलं, छताचे हूक सुताराला दाखवले आणि माणूस बसण्याआधी गव्हाची 50 किलोची दोन पोती ठेवून रात्रभर सोडलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा माहेरी आल्या, तेव्हा बंगई ओसरीत टांगलेली होती. सगळ्या एकदम बसल्या आणि आखाजीची गाणी म्हटली. नाना तेव्हापासून पेपर तिथेच वाचतात.

वैशाख : कपाट आणि फळी

कपाटाचा गंज खालच्या पट्टीला होता, तिथे फरशी पुसताना पाणी लागतं. तारेचा ब्रश, एमरी पेपर, मग लगेच रेड ऑक्साइड प्रायमर. घासलेलं लोखंड उघडं ठेवायचं नाही. वरचा मोरपंखी एनॅमल गॅरेजवाल्याकडून स्प्रेने मारून घेतला, 1,600 रुपये. ब्रशने घरी करणार असाल तर थर पातळच ठेवा. उन्हाळ्यात जाड थराची वरची साय आधी वाळते, आत ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. कपाट आता विटांवर उभं आहे, फरशीपासून वर.

टेबलाला चपडा नको होता, त्यावर ताटं येणार. त्याला जवसाचं उकळलेलं तेल दिलं, पातळ हात, अर्ध्या तासाने जादाचं पुसून घ्यायचं. इथे एक कळकळीची सूचना. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या उन्हात तर धोका जास्तच. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

ज्येष्ठ : मागच्या खोल्या

मृगाचा पाऊस पडून हवा जरा निवली, तेव्हा इमल्शन हाती घेतलं. दुकानात टिंटिंगमध्ये, म्हणजे रंग मिसळताना, शेड चुकून परत आलेले डबे असतात, ते कमी भावात मिळतात. दुकानाच्या मालकांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी फिक्या हिरव्याचे दोन आणि साईच्या रंगाचा एक डबा बाजूला ठेवला. एका खोलीला एकच शेड पुरेल एवढं आधी मोजून घ्या, कारण तो शेड परत मिळणार नसतो. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर इमल्शन ब्रशखालीच वाळतं आणि हातावर हात आल्याच्या रेघा राहतात. इथे ब्रश, पुट्टी मिळून 3,900 रुपये लागले.

आषाढ : पुढची खोली, चुना

पुढच्या खोलीला प्लास्टिक पेंट मारून टाका, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणत होता. मला ते पटत नव्हतं आणि अजूनही पटत नाही. जाड जुन्या भिंतीत जमिनीची ओल चढते. चुना ती बाहेर जाऊ देतो. वर प्लास्टिकचा थर बसला की ओल आत अडकते आणि पोपडे धरतात. शिवाय चुन्याच्या भुकटीवर पुट्टी किंवा इमल्शन बसतच नाही, सगळं खरवडावं लागतं, आणि तेवढे पैसे नव्हतेच.

सुटलेले पापुद्रे तेवढे काढले. कळीचा चुना बाजारातून आणला. 1 किलो चुन्याला 5 लिटर पाणी, पण चुना पाण्यात थोडा थोडा टाकायचा, एकदम नाही. तो खदखदतो, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा हवाच आणि भांडं लोखंडी पिंप किंवा माठ, पातळ प्लास्टिक नको. 24 तास तसाच ठेवला, जाड्या कापडातून गाळला, गरम पाण्यात विरघळवलेला बाभळीचा डिंक घातला. रंगासाठी पिवडी. चुना तीव्र अल्कली असतो, त्यात बरेच कृत्रिम रंग उडतात. पिवडी, गेरू, काव हे मातीचे रंग टिकतात.

भिंतीवर चुना लावताना ओला असेपर्यंत जवळजवळ काहीच दिसत नाही. करडी, पाणचट भिंत. मग कडेकडेने उजळायला लागते, आणि तासाभरात एखाद्या जागी अजून ओल, शेजारी पिवळसर ऊन पडल्यासारखा उजेड. म्हणून ओल्यावर शेड ठरवू नका. विटेच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळवा, मग पिवडी वाढवा किंवा थांबा.

आषाढच का, ते आता. चुना नुसता वाळून पक्का होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि त्याला ओलावा लागतो. मे महिन्यात पाणी आधीच उडून जातं, चुना कच्चा राहतो आणि पाठ टेकली की सदऱ्याला लागतो. आषाढात भिंत आधी पाण्याने शिंपडून तीन पातळ हात दिले, एकाआड एक उभे-आडवे. आता काळी ओढणी घासली तरी पांढरी होत नाही. कानबाईला नव्या साड्या नेसून बायका भिंतीला टेकणार, त्यामुळे ही परीक्षा महत्त्वाचीच.

चुना, पिवडी, डिंक आणि कुंचे मिळून 1,100 रुपये. सबंध घरातली सगळ्यात मोठी खोली, आणि सगळ्यात कमी खर्च.

सध्याची स्थिती

तीन वस्तूंचे 7,700, सुतार 800, गॅरेज 1,600, चपडा-स्पिरिट-पेपर-रिमूव्हर-एनॅमल-तेल 1,900, मागच्या खोल्या 3,900, चुना 1,100. एकूण 17,000. हजार रुपये शिल्लक आहेत, ते माळ्यावरच्या दोन वेताच्या खुर्च्यांसाठी राखून ठेवले आहेत. सांगाडे शिसवी आहेत, मजबूत, पण बैठकीची वीण पार गेली आहे. पॉलिश आता दमट हवेत करणार नाही, ते दिवाळीनंतर. वेत मात्र भिजवूनच विणतात, तेव्हा वीण पावसाळ्यातही करता येईल. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे षट्‌कोनी जाळीची वीण अजून हाताने करणारं कोणी माहीत असेल तर सांगा, मला त्यांच्याकडे बसून शिकायचं आहे.